शेवटच्या बाकासाठी लिहिलेलं

बिदर, १५ जून २००८

राजपाल अण्णा,

जय भीम.

पाकिटावर पॉलिटेक्निकचा शिक्का बघून तू आभारपत्र समजून हे उघडलं असशील. तसंच सांगून मी तुझा पत्ता मागून घेतला होता. बिदरच्या लॅबमधून गेले दोन महिने जो कुणी 'पी. मारोती' तुला इंग्रजीतून प्रश्न विचारायलाय, आणि ज्याला तू 'डिअर सर' म्हणून इतकी सविस्तर उत्तरं देतोस, तो सर म्हणजे मी. पंचशीला. तुझी बहीण.

रागावू नकोस. मला आधी खात्री करून घ्यायची होती.

मी इथं कॉम्प्युटर विभागात शिकवते. तू घर सोडलंस तेव्हा मी दहावीत होते, त्यामुळं तुझ्या डोळ्यापुढं अजून ती दोन वेण्यांची पोरगी असेल. तुझ्यापर्यंत कशी पोचले ते सांगते.

आपल्या ठाणाकुशनूरच्या अलीकडं ओढ्यावरचा तो बुटका पूल तुला आठवत असेल. वर कुठंतरी पाऊस पडतो, इकडं ऊन असतं, आणि बघता बघता पुलावरून पाणी जायला लागतं. मागच्या पावसाळ्यात इरप्पाचा टेम्पो त्यात गेला. इरप्पा म्हणजे पुलाजवळच्या वस्तीवरच्या नागूबाईचा नवरा. टेम्पोत तो एकटाच होता, एवढंच काय ते नशीब. आमच्या विभागाचे गुरुपादय्या सर तेव्हा म्हणाले, वरच्या गावात पाणी चढलं की खालच्या माणसाला तेवढ्यात कळलं पाहिजे. वरच्या गावच्या शाळेत एक जुना कॉम्प्युटर आहे. ओढ्याच्या काठाला पाइप रोवून त्यात तरंगणारा गोळा सोडायचा, गोळा वर आला की कॉम्प्युटरनं मोबाइल मोडेमवरून पुलाजवळच्या लोकांना मेसेज पाठवायचा. प्रोग्रॅम सी भाषेत लिहायचा, कारण त्या जुन्या मशीनवर दुसरं काही धड चालत नाही.

मोडेमशी बोलायचं कसं, तिथंच मी अडकले. सर म्हणाले, "सगळं नव्यानं कामून लिहीत बसतीस? कुणीतरी तयार कोडची लायब्ररी लिहून ठिवली असंल. हुडक."

हुडकत बसले. लॅबचं इंटरनेट म्हणजे तुला काय सांगू, एक पान उघडेपर्यंत चहा निवतो, आणि लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. एक लायब्ररी सापडली, ती दुसऱ्याच जातीच्या मशीनची निघाली. दुसरीत नुसती फंक्शनांची नावं होती, आणि खाली एक ओळ, की अधिक माहितीसाठी सोर्स कोड वाचावा. म्हणजे गावाचा रस्ता विचारला तर नकाशा काढणाऱ्याचं घर दाखवल्यासारखं. तिसरीची माहिती कुठल्या भाषेत होती तेसुद्धा मला ओळखता आलं नाही. चौथी उतरवून घेतली, तिच्यासोबत एक वेगळं मार्गदर्शक होतं. मूळ लायब्ररी कुणा परदेशी माणसाची, पण मार्गदर्शक दुसऱ्या कुणी लिहून दिलेलं. पहिल्या पानाखाली नुसतं 'आर. एम.' आणि मेलचा पत्ता.

इंग्रजीतलं पहिलंच वाक्य होतं: 'तुमच्याजवळ विचारायला कुणी नाही, असं धरून मी हे लिहितो आहे.'

अण्णा, मी एवढी वर्षं शिकले, आता शिकवते, पण पुस्तकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला असं मला पहिल्यांदा वाटलं. पुढं सगळं तसंच. कुठं चुकेल ते आधी सांगितलेलं. चुकलं तर पडद्यावर काय दिसेल ते सांगितलेलं. 'हे उघड आहे' असं एकदाही म्हटलेलं नाही. मी ते सलग वाचत गेले, आणि मग उदाहरण आलं. एक मशीन दुसऱ्याला हाक मारतं आणि उत्तराची वाट बघतं. हाक इंग्रजी लिपीत: 'जेवाया ये'. उत्तर: 'आलो'. आणि खाली टीप: 'आलो असं उत्तर मिळालं म्हणजे तो आला असं समजू नये. हाक ऐकू गेली एवढंच समजावं. ताट झाकून ठेवावं आणि वाट बघावी.'

पोरं प्रॅक्टिकल करत होती आणि मी एकटीच हसायला लागले. माळवदावर पुस्तक घेऊन बसलेला तू, खालून मायची हाक, आणि जागचं न हलता तुझं ते 'आलो'. हे जगात दुसरं कोण लिहील?

तरी मी तीन वेळा खोटे-खरे प्रश्न विचारून बघितले. तू दर वेळी आधी उलट विचारलंस, 'अडलं त्याच्या आधी तुम्हाला काय दिसलं?' भागाकार शिकवताना मला हेच विचारायचास. मग संशय उरला नाही.

हवं तर उत्तर दे, नाही दिलंस तरी मार्गदर्शक माझ्याजवळ आहे. ते फार चांगलं लिहिलंयस.

तुझी
पंचशीला


बिदर, १३ जुलै २००८

अण्णा,

पुण्याहून तुझं पत्र आलं. अक्षर अजून तसंच डावीकडं कललेलं.

हैदराबादेत कॉलेजासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तू कामाला होतास, आणि पोरं जी जाडजाड मॅन्युअलं कॉपी करायला टाकून जायची तीच वाचून सी शिकलास, हे मी दोनदा वाचलं. गुलबर्ग्याच्या कॉलेजात पाठ करून लिहायला सांगायचे म्हणून तिसऱ्या वर्षी जे सोडून आलास, ते तू यंत्राजवळ उभा राहून पुरं केलंस. अप्पांना त्या वेळी एवढंच दिसलं, की वस्तीतला इंजिनिअरिंगला गेलेला पहिला पोरगा परत आला. स्वतः मास्तर असलेल्या माणसाला ते सोसलं नाही. चारचौघांत बोलले, तू पिशवी उचललीस, आणि दोघंही आपापल्या जागी ठाम राहिलात. कोण चुकलं ते मी लिहिणार नाही.

पत्राच्या शेवटी तू विचारलंस, 'माय कशी आहे?' मागच्या पत्रात ती कशी आहे ते लिहायचं मी टाळलं होतं, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

अण्णा, माय गेली. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात. मूत्रपिंडं थकली होती, शेवटी बिदरच्या दवाखान्यात होती. तुझ्या हैदराबादच्या जुन्या पत्त्यावर मी कळवलं होतं, ते पाकीट तसंच परत आलं. तुझं नाव घेतलं का म्हणशील, तर हो. दवाखान्यात जी नर्स यायची तिला सांगायची, "माझा ल्योक कंप्यूटरमदी हाय. कामात ऱ्हातो." तुझ्याबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं, तरी बरोबर सांगत होती.

आणखी एक सांगते. तुझ्या लायब्ररीच्या लोकांची जुनी मेल-चर्चा मी चाळत होते. त्यात ब्राझीलमधल्या कुणीतरी विचारलंय, उदाहरणातलं 'जेवाया ये' हे काय आहे, कुठला खास आदेश आहे का? त्याला पोलंडच्या एकानं, त्यानं तुला आधी विचारलं असावं, उत्तर दिलंय: 'आदेश नाही. लेखकाची आई त्याला जेवायला बोलावते आहे. मी माझ्या प्रोग्रॅममध्ये ते तसंच ठेवलंय.' तू ते वाचलं होतंस का? आपल्या मायनं, कोंडाबाईनं, औराद तालुक्याबाहेर फारसं पाऊल टाकलं नाही. तिची हाक कुठल्या कुठल्या मशीनमधून रोज जायलीय. मला हे वाचून रडू आलं, पण चांगलं रडू.

आता कामाचं. आमची पहिली चाचणी फसली. गोळा वर केला, प्रोग्रॅमनं पडद्यावर 'मेसेज गेला' असं दाखवलं, आणि खाली पुलाजवळ नागूबाई मोबाइल हातात धरून उभी, तिला काहीच नाही. तासाभरानं आला. पाणी काही तासभर थांबत नाही. नागूबाई नुसतं म्हणाली, "बाई, खरं पानी आल्यावर बी असंच व्हईल का?" कुठं चुकतंय सांग.

पंचशीला


बिदर, १० ऑगस्ट २००८

अण्णा,

या वेळी तू कागदाची वाट न बघता मेलनं उत्तर दिलंस, आणि तेही एका ओळीत: 'माझंच उदाहरण पुन्हा वाच.'

वाचलं, आणि कपाळाला हात लावला. मोडेम 'ओके' म्हणतं, म्हणजे मेसेज कंपनीच्या यंत्रानं घेतला एवढंच. नागूबाईच्या हातात पडला असं नाही. तू टीप लिहून ठेवली होतीस, मी हसून पुढं गेले होते. मग तू दुसऱ्या मेलमध्ये सांगितल्याप्रमाणं पोच मागवायची सोय केली. पोच वेळेत आली नाही तर प्रोग्रॅमनं मेसेजच्या नादी न लागता सरळ फोन लावायचा. बोलायला तिकडं कुणी नाही, नुसती घंटी वाजू दे. 'मिस्ड कॉल सगळ्यांनाच कळतो,' ही तुझी शेवटची ओळ मी सरांना वाचून दाखवली, तर ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "ह्यो मानूस गावाकडचा हाय."

तो माणूस माझा भाऊ आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

परवा शुक्रवारी खरं पाणी आलं. दुपारची वेळ, आमच्याकडं लख्ख ऊन. वरच्या शाळेत गोळा चढला. मेसेज गेला, पोच आली नाही. वर ढगफुटीसारखा पाऊस, तिकडचा टॉवर मान टाकायच्या बेतात. प्रोग्रॅमनं वाट बघून नागूबाईला फोन लावला. ती तेव्हा शेळ्यांना पाला टाकत होती. घंटी वाजली, नंबर ओळखला, आणि ती हातातला पाला टाकून पुलाकडं पळाली. पुलाच्या तोंडाला महसूल खात्याच्या सर्कलनं आडवी साखळी बसवून दिली आहे, ती तिनं लावली.

समोरून जीप आली. उदगीरच्या बाजारातून परतणारी माणसं, बाया, आत लेकरं. पुलावर पाण्याचा थेंब नव्हता. ड्रायव्हर भांडायला लागला, ऊन पडलंय, साखळी काढ म्हणून. नागूबाई साखळीला धरून उभी राहिली. नंतर तिनंच मला सांगितलं. ती त्याला म्हणाली, "माझा मालक बी असाच घाईत व्हता. उतरा खाली. पानी जाऊ द्या, मग जावा."

ड्रायव्हरनं दोन वेळा हॉर्न वाजवला. मग कुणीतरी आतून म्हणालं, आलं बघा. तांबडं पाणी वळणावरून येताना सगळ्यांनीच बघितलं. पुलाचे कठडे दिसेनासे झाले. त्या जीपमधल्या एका म्हातारीनं नागूबाईचा हात धरला तो पाणी उतरेपर्यंत सोडला नाही.

मी शनिवारी गेले तेव्हा पुलावर नुसता गाळ आणि काटक्या होत्या. नागूबाईनं चहा केला. यंत्र कुणी केलं म्हणून तिनं विचारलं. मी म्हणाले, आमच्या पोरांनी आणि सरांनी. आणि फोन लावायची अक्कल कुणाची? मी म्हणाले, माझ्या भावाची.

"मारोती गुर्जीचा ल्योक? त्यो हाय व्हय अजून?" ती म्हणाली. मग म्हणाली, "त्याला सांग, घंटी वाजली."

तेवढं सांगायला हे पत्र.

पंचशीला


बिदर, ७ सप्टेंबर २००८

अण्णा,

हे पत्र अप्पांबद्दल आहे. बसून वाच.

पुलाची गोष्ट गावभर झाली, तसे अप्पा मला विचारायला लागले, यंत्र चालतं कसं. रिटायर झाल्यापासून त्यांना नवं काही शिकवणारं कुणी भेटत नाही, आणि शिकवायला पोरं नाहीत. मी तोंडी सांगायला लागले तर म्हणाले, "वाचायला काय हाय का?" मी तुझ्या मार्गदर्शकाची छापील प्रत त्यांना दिली. कुणी लिहिलंय ते सांगितलं नाही. पहिलं पान, जिथं 'आर. एम.' होतं, तेही मी काढून घेतलं नाही. बघू म्हटलं.

अप्पांचं इंग्रजी सातवीपर्यंत शिकवण्यापुरतं. जुनी डिक्शनरी काढली, अंगणात खाट टाकली, आणि रोज सकाळी पान-दीड पान वाचायला लागले. शेजारचे म्हणाले, गुर्जी परीक्षेला बसायलेत. मी फोन केला की एखादा शब्द विचारायचे, बाकी काही नाही.

गेल्या रविवारी न सांगता बिदरला आले. बसस्टँडवरून चालत आले, हातात ती प्रत. पाणी प्याले. मग म्हणाले, "राजपालनं लिहिलंय."

विचारलं नाही. सांगितलं. तुझं नाव त्यांच्या तोंडून मी किती वर्षांनी ऐकलं ते मलाच आठवेना.

मी हो म्हणाले. सगळं सांगितलं, झेरॉक्सचं दुकान, पुणे, पत्रं, नागूबाईचा फोन. ते ऐकत होते. प्रत मांडीवर उघडी होती, मायच्या हाकेच्या पानावर. त्या पानावर त्यांनी कुठल्याच शब्दाचा अर्थ लिहिलेला नव्हता. बाकीच्या पानांच्या कडा पेन्सिलीनं भरलेल्या.

मग बोलले. शब्द मी जसेच्या तसे देते.

"वर्गात हुशार पोरांसाठी कुनीबी शिकवतंय. हे शेवटच्या बाकासाठी लिहिलंय. ज्याला काई येत न्हाई, अन् इचारायची लाज वाटती, त्याला डोळ्यापुढं धरून लिहिलंय. मी जल्मभर तेच करायला बघितलं, पंचू. मला येवढं साधलं न्हाई."

अप्पांना कुणाची स्तुती करताना मी फारदा ऐकलेलं नाही, आणि स्वतःला कमी ठरवून तर कधीच नाही.

जाताना त्यांनी एक काम सांगितलं. आपल्याकडची पोरं मराठी-कन्नड माध्यमातून डिप्लोमाला येतात, इंग्रजी बघूनच हातपाय गाळतात. त्यांच्यासाठी हे मराठीत करायचं ते ठरवून आलेत. पण लिहिणाऱ्याची परवानगी पाहिजे, ती तू विचार, असं मला म्हणाले. मी सांगितलं, अप्पा, हे सगळ्यांना मोकळं आहे, कुणीही भाषांतर करावं असं त्यातच लिहिलंय. म्हणाले, ते कागदावर.

म्हणून विचारते. परवानगी आहे का?

पंचशीला


बिदर, ४ ऑक्टोबर २००८

अण्णा,

हे मेलनं पाठवायलेय, कारण कागद पोचेपर्यंत उशीर होईल.

तुझी परवानगी मी फोनवर वाचून दाखवली होती. 'अप्पांनी केलं तर मला आनंद होईल' एवढंच लिहिलं होतंस, तरी त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. तेव्हापासून काम झपाट्यानं चाललंय. तुझ्या टाइमआउटला त्यांनी 'वाट बघायची मुदत' असं केलंय. मला ते मूळ शब्दापेक्षा आवडलं.

पण एका ठिकाणी अप्पा अडलेत, आणि त्यावरून माझ्याशी भांडून झालंय. तू लिहिलंयस, मुदत संपली आणि उत्तर आलं नाही, तर जोडणी बंद करावी. तिथं प्रकरण संपतं. अप्पा म्हणतात, हे अर्धं राहिलं.

"बंद करायची कशी ते लिहिलंय. बंद केल्यावर पुन्हा उघडायची कशी, ते कामून लिहिलं न्हाई?"

मी म्हणाले, ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कळतं. म्हणाले, शेवटच्या बाकावरच्याला न्हाई कळत. मी मग मार्गदर्शक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. अण्णा, ते खरंच नाही. एवढ्या चांगल्या लिखाणात ती एक जागा रिकामी आहे, आणि माझ्यासकट कुणाच्या लक्षात आली नव्हती.

मी म्हणाले, मेल करून विचारते. अप्पा म्हणाले, "नगं. हे म्या स्वतः इचारतो."

आज संध्याकाळी ते उदगीरहून पुण्याच्या एस.टी.त बसलेत. तुला कळवू नकोस म्हणाले होते. मी कळवायलेय. तुझा पत्ता त्यांच्या खिशात आहे, पण पुण्यात त्यांना रिक्षावाल्याशी हुज्जत घालावी लागू नये.

गाडी सकाळी पोचेल, तू स्टँडवर घ्यायला जा. अप्पा आता वाळलेत, केस सगळे पांढरे, पण पांढरं धोतर आणि काळी टोपी तीच. उतरून गर्दीत शिरायचे नाहीत, बाजूला उभे राहतील. तू दिसलास की आधी कामाचंच बोलतील, कितव्या पानावर काय राहिलंय ते. बोलू दे. तिथंच उभ्या उभ्या उत्तर द्यायला लागू नकोस. घरी ने, खाली बसव, मग दोघं मिळून ती जागा लिहा.

आणि त्यांच्या हातातली पिशवी लगेच घेऊ नकोस. त्यांना आवडणार नाही. थोडं चालून झालं की ते स्वतःच देतील.

पंचशीला